बहात्तर गावांचा मुलूख

औंध संस्थानचा जुना नकाशा पहिल्यांदा उघडणारा माणूस गोंधळतो. सलग असे त्यात काहीच नाही. एक तुकडा साताऱ्याच्या पूर्वेला, खटावच्या माळावर. तिथे औंध ही राजधानी. दुसरा आणखी पूर्वेला, माणदेशात, आटपाडीभोवती. तिसरा दक्षिणेला, कृष्णेच्या खोऱ्यात कुंडलपाशी. चौथा शंभर किलोमीटरहून दूर, विजापूरकडच्या कानडी मुलखात, गुणदाळला. मधल्या जागेत इंग्रजी अंमलाचा सातारा जिल्हा आणि आसपासची इतर संस्थाने. सगळे मिळून सुमारे पाचशे चौरस मैल, बहात्तर गावे आणि १९४०च्या आगेमागे पाऊण लाखाहून जास्त वस्ती. राजधानीतून निघालेल्या कामदाराला आपल्याच संस्थानच्या दुसऱ्या तालुक्यात जायचे तर परक्या हद्दीतून वाट काढावी लागे.

आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, गुणदाळ कर्नाटकात. जिल्हावार इतिहास लिहिण्याची आपल्याकडची रीत या मुलखाला मानवलेली नाही. साताऱ्याच्या इतिहासात औंधच्या राजाचे चित्रप्रेम येते. सांगलीच्या इतिहासात किर्लोस्करवाडी येते, प्रतिसरकार येते, आटपाडीचे लेखक येतात. पण हे सारे एकाच संस्थानच्या अंगणात घडले, आणि त्यामागे एकच स्वभाव काम करत होता, हे कुठल्याच पुस्तकात ठळकपणे येत नाही. औंधची ओळख करून द्यायची ती यासाठी. छोटेपणा, विखुरलेपणा आणि दुष्काळ या तिन्ही गोष्टी इथे अडचणी तर होत्याच. पण त्यांनीच या संस्थानला माणसांवर विसंबून राहायला शिकवले.

आधी जमीन पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे, जिथे पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला येता येता ढग रिकामे होत जातात. खटाव, माण, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा. आटपाडीकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर साल बरे म्हणायचे. औंधच्या बाजूची येरळा खटावात उगम पावते आणि दक्षिणेला वाहत जाऊन कृष्णेला मिळते. आटपाडीकडची माणगंगा पंढरपूरच्या बाजूला भीमेकडे जाते. दोन्ही नद्या वर्षातला बराच काळ वाळूच्या. पिके ज्वारी-बाजरीची, जिरायती. मुरमाड माळ, मधे बोरी-बाभळी, आणि दूरवर चरणारी मेंढरे.

या जमिनीने माणसांना जागचे हलायला लावले. धनगर मेंढरे घेऊन चाऱ्याच्या शोधात निघत आणि पावसाच्या अंदाजाने परत येत. खानापूर-आटपाडी-तासगाव भागातली तरुण मुले सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली आणि भारतभरच्या सराफ बाजारांत पोहोचली. दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतच्या शहरांतून ही कुटुंबे आजही माघारी येतात. याच मातीने एक देखणे जनावरही दिले. पांढरे, उंच, लांब शिंगांचे, चपळ खिल्लार. खरसुंडीला सिद्धनाथाच्या जत्रेत खिल्लारांचा बाजार भरतो, तेव्हा बैलाची पाठ, खूर आणि शिंगांची ठेवण पाहून सौदा करणारे म्हातारे शेतकरी दिसतात. पाणी कमी, वैरण कमी, तरी टिकणारा बैल ही माणदेशाची गरज होती आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांनी तो घडवला.

कुंडलची गोष्ट वेगळी. तिथे जमीन काळी, कृष्णा फार दूर नाही, आणि पुढे लोहमार्गही आला. आज तिथे ऊस आणि द्राक्षबागा आहेत. जवळच सागरेश्वरचा डोंगर आणि अभयारण्य, गावाजवळ जैनांचे जुने तीर्थ. गुणदाळबद्दल मराठीत फारसे लिहिले गेले नाही. तिथली भाषा कानडी, पिकेही तिकडच्या जमिनीची. तरी मराठी संस्थानच्या कारभारात एक कानडी तालुका होता, हे विसरून चालत नाही.

आता हा मुलूख असा तुकड्या-तुकड्यांत कसा आला? त्याचे उत्तर किन्हईपासून सुरू होते. कोरेगावजवळच्या या गावच्या कुलकर्णी घराण्यातले, औंधच्या राजघराण्याचे मूळपुरुष परशुराम त्रिंबक रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली तयार झाले. छत्रपती राजाराम जिंजीला असताना त्यांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत मिळवण्यात पराक्रम केला. जिंजीला निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे त्यांच्याकडे आले. औरंगजेबाने १६९९-१७०० मध्ये साताऱ्याला वेढा घातला, तेव्हा ते परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे सज्जनगडावरून, साताऱ्याची पाठराखण करत होते. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, सातारा पडल्यावर कैदेत गेले, आणि पुढे शाहूंनीच त्यांना पुन्हा पद दिले. त्यांचे चिरंजीव श्रीपतराव हे शाहूंच्या दरबारातले पहिल्या बाजीरावाचे सर्वांत वजनदार विरोधक. १७३३ मध्ये रायगड सिद्दीच्या ताब्यातून परत आला तो प्रतिनिधींच्या फौजेकडून. घराण्याची दुसरी शाखा कोल्हापूरकडे विशाळगडला गेली.

पुढे पेशवाईत प्रतिनिधींचे तेज ओसरले. 'थोटे पंत' म्हणून ओळखले जाणारे परशुराम श्रीनिवास बाजीराव दुसऱ्याविरुद्ध उठले. बापू गोखल्यांनी १८०६ मध्ये त्यांचा पराभव केला. त्यांची सहचरी ताई तेलीण वासोट्यावर बसली आणि गोखल्यांच्या फौजेला तिने महिनोन्‌महिने दाद दिली नाही. पुरुषांच्या वंशावळींनी भरलेल्या या इतिहासात तिच्याबद्दल आणखी लिहिले जायला हवे. इंग्रजांनी १८२० च्या तहाने प्रतिनिधींच्या हाती जे राहू दिले, ते वेगवेगळ्या काळातल्या सनदांचे, इनामांचे उरलेसुरले तुकडे होते. औंध संस्थानचा तो विखुरलेला नकाशा असा तयार झाला.

मोठ्या संस्थानांना सैन्य होते, खजिना होता, इंग्रज दरबारात तोफांची सलामी होती. औंधला यातले फारसे काही नव्हते. १९०९ मध्ये गादीवर आलेल्या भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधींकडे, लोकांच्या बाळासाहेबांकडे, होती ती कमालीची उमेद. १८६८ साली जन्मलेला हा राजा चित्रे काढी, कीर्तन करी, रोज सूर्यनमस्कार घाली आणि ते शाळांतल्या मुलामुलींकडूनही घालून घेई. सूर्यनमस्कारांवरचे त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाने लंडनहून प्रसिद्ध झाले. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा एवढ्याशा संस्थानच्या राजाने तिच्यासाठी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

पण बाळासाहेबांची खरी पारख दिसते ती कुंडलच्या माळावर.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा छोटा कारखाना बेळगावात होता. ठळकवाडीच्या नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला सांगितली. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला होते. यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांनी घेतले होते. त्यांची अडचण कळताच राजाने आपल्या संस्थानात कुठेही जागा घ्या म्हणून सांगितले आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन निवडली. निवडुंगाने माजलेली, सापविंचवांची, पाण्याची वानवा असलेली. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीचा प्रारंभ झाला. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपत नव्हते. तो नांगर पुढे महाराष्ट्रभर गेला, आणि स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

या वसाहतीचा एक तपशील विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. लक्ष्मणरावांनी राखणदार नेमले ते गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या, तुरुंग पाहून आलेल्या माणसांतून. विश्वास टाकला की माणूस विश्वासाला जागतो, अशी त्यांची धारणा होती. आणि याच वाडीतून 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्याशेजारच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या 'स्त्री'ने १९३० पासून मराठी घरांत स्त्रियांच्या शिक्षणाची, विवाहाची, स्वातंत्र्याची चर्चा नेली. महाराष्ट्राच्या विचारविश्वाचा हा केवढा तरी मोठा भाग औंधच्या हद्दीत छापला गेला.

हेच सूत्र पुढे आटपाडीकडे दिसते. तिथल्या माळावर औंध संस्थानने स्वतंत्रपूर वसवले. खुनासारख्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या कैद्यांची ही खुली वसाहत. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैदी कुटुंबासह राहणार आणि जमीन कसणार. यामागे होते मॉरिस फ्रीडमन, मूळचे पोलंडचे ज्यू अभियंते. बंगळूरच्या विद्युत कारखान्यातली नोकरी सोडून ते भारतानंद झाले, गांधीजींच्या जवळ आले आणि युवराज आप्पासाहेब पंतांच्या ओढीने औंधला पोहोचले. निसर्गदत्त महाराजांची संभाषणे जगापुढे आणणारे ते हेच फ्रीडमन. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'ची प्रेरणा स्वतंत्रपूर होती, आणि त्या चित्रपटाची कथा-पटकथा लिहिली ती याच तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी. वसाहत आजही आहे. देशोदेशींच्या तुरुंगसुधारणेच्या चर्चेत ज्याचे नाव आदराने घ्यावे, असे हे ठिकाण आपल्याच लोकांना पुरेसे माहीत नाही.

औंधच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय झाला तो नोव्हेंबर १९३८ मध्ये. सत्तरीच्या निमित्ताने बाळासाहेबांनी जाहीर केले की राज्याची सत्ता प्रजेच्या हाती देणार. राजाने स्वतःहून असे काही करणे त्या काळात अद्भुतच होते. राजकोटसह किती तरी संस्थानांत तेव्हा प्रजा आणि दरबार यांच्यात झगडे पेटलेले होते. आप्पासाहेब आणि फ्रीडमन वर्ध्याला गांधीजींकडे गेले. घटनेचा आराखडा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती लागू झाली.

तिची रचना साधी आहे, आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी. प्रत्येक गावाने पाच पंच निवडायचे. या पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती, आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ. म्हणजे सत्ता वरून खाली झिरपायची नाही, खालून वर चढायची. महसुलाचा मोठा वाटा गावांकडेच ठेवायचा. किरकोळ तंटे गावातच मिटवायचे, न्यायासाठी कुणी राजधानीला खेटे घालायचे नाहीत. राजाच्या खर्चावर मर्यादा. मतदाराने लिहायला-वाचायला शिकावे, असा गांधीजींचा आग्रह होता, त्यामुळे निवडणुकीबरोबर पाटी-पेन्सिलही गावात शिरली. आणि युवराजाला त्यांनी सांगितले की, दहा वर्षे संस्थानात राहून लोकांची सेवा करायची, तीही साधेपणाने.

इथे नकाशाकडे परत यायला हवे. चार ठिकाणी विखुरलेल्या या मुलखावर एका ठिकाणाहून हुकमत चालवणे तसेही अवघडच होते. आटपाडीची तहान, कुंडलची बागायत, गुणदाळची कानडी यांना एकच फर्मान कसे लागू पडणार? गावाने गावाचे पाहावे हा विचार इतर कुठे आदर्श म्हणून मांडला जाई, औंधला तो व्यवहार म्हणूनही पटण्यासारखा होता. अभ्यासक इंदिरा रोटरमुंड यांनी या प्रयोगावर स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले. मराठीत मात्र त्याचा गावनिहाय अभ्यास अजून व्हायचा आहे. कोणत्या गावात पंचायत चालली, कुठे जुन्या पाटीलकीनेच नवे रूप घेतले, दलितांना आणि स्त्रियांना तिथे किती जागा मिळाली, हे प्रश्न कौतुकाच्या भरात बाजूला सारता येणार नाहीत. हा प्रयोग इतका मोलाचा आहे की त्याची कसून तपासणी व्हावी, हाच त्याचा मान.

१९४२ नंतर विखुरलेल्या हद्दींचा आणखी एक उपयोग झाला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रज सत्तेला समांतर चालवलेल्या लोकांच्या सरकारचे, कुंडल हे मोठे केंद्र. जी. डी. बापू लाड तिथलेच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी रकमेची रेल्वेगाडी अडवणारे प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे सैनिक याच परिसरातले. इंग्रजी मुलूख आणि संस्थानी मुलूख यांची सीमा शेताच्या बांधावरून जात होती. ती ओलांडली की इंग्रज पोलिसांचे हात काही काळ तरी बांधले जात. भूमिगतांना औंधने आसरा दिला, हे आप्पासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहिले आहे. प्रतिसरकारनेही गावोगाव न्यायनिवाडे केले, सावकारी रोखली, कमी खर्चाची लग्ने लावली. औंधच्या ग्रामराज्याचा आणि कुंडलच्या या लोकसत्तेचा संबंध किती होता, हा अभ्यासकांनी हाती घ्यावा असा विषय आहे.

शाळांचेही असेच. दापोली सुटल्यावर साने गुरुजी शिकायला औंधला आले ते इथे गरीब मुलांची शिक्षणाची सोय होती म्हणून. प्लेगने त्यांना तिथून उठवले. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. आटपाडीचे शंकरराव खरातही औंधच्या शिक्षणातून पुढे आले. गावकुसाबाहेरच्या घरातून आलेला हा मुलगा १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्याच्या आदल्या वर्षी अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते आणि १९७३ मध्ये यवतमाळला त्यांचे थोरले बंधू ग. दि. पावसाने पाठ फिरवलेल्या एका तालुक्याशी नाते सांगणारे हे तीन अध्यक्ष. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. तिच्यातला कोवळा मास्तर संस्थानच्या शाळेवर नेमलेला आहे, मेंढपाळांचे गाव एकत्र येऊन तालीम बांधते आणि राजा तिथे येतो. अखेरीस दुष्काळ वाडी रिकामी करून टाकतो. औंधचा भूगोल आणि औंधचा कारभार या दोन्हींचे इतके जिवंत दर्शन कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

राजधानीत आज पाहण्यासारखे काय आहे? मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे मंदिर आहे आणि चढणीवर १९३८ मध्ये उभारलेले श्री भवानी संग्रहालय. त्यात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर यांचे आई आणि मूल हे शिल्पही. लंडन-न्यूयॉर्कच्या दालनांत ज्याच्या कलाकृती पाहायला लोक रांगा लावतात, त्याचे काम खटावच्या या डोंगरावर, पौषातल्या यात्रेला आलेल्या बायाबापड्यांच्या नजरेपुढे मांडलेले आहे. राजाने ही चित्रे वाड्यात कोंडून ठेवली नाहीत, हे महत्त्वाचे. गाण्याचीही परंपरा आहे. अंतूबुवा जोशींनी शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव त्यांचे पुत्र गजाननबुवा आणि त्यांच्या शिष्यांनी पुढे नेला. पंडित सातवळेकरांनी वेदांच्या मराठी-हिंदी भाष्यांचे काम याच गावी स्वाध्याय मंडळ स्थापून चालवले. १९४८ नंतर ते गुजरातेत पारडीला गेले.

८ मार्च १९४८ रोजी दख्खनमधली बहुतेक छोटी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधची ग्रामराज्याची घटना त्याबरोबर संपली, जेमतेम नऊ वर्षांची. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले. आप्पासाहेब भारताचे राजदूत म्हणून पूर्व आफ्रिकेपासून लंडनपर्यंत गेले. १९४९ मध्ये उत्तर आणि दक्षिण सातारा असे जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे सांगली झाले. नव्या सीमांनी जुना मुलूख पुरता वाटून टाकला.

पाण्याचा प्रश्न मात्र नव्या सीमांनी सुटला नाही. प्रतिसरकारच्या लढ्यातून आलेले नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णेचे पाणी समन्यायी पद्धतीने दुष्काळी तालुक्यांना मिळावे, ही त्यांची मागणी. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून खानापूर-आटपाडी-सांगोल्याकडे नेणारी योजना या रेट्यामुळे पुढे सरकली. आज आटपाडीच्या माळावर डाळिंबाच्या बागा दिसतात.

औंधच्या वाटेला लागणाऱ्या वाचकाने संग्रहालय पाहून परत फिरू नये. तिथून येरळेच्या काठाने खाली कुंडल-किर्लोस्करवाडीला यावे, मग आटपाडीला, स्वतंत्रपूरला आणि जमले तर खरसुंडीच्या बाजारालाही जावे. तेव्हा कुठे हा मुलूख समजू लागतो. आणि या बहात्तर गावांतल्या घराघरांना एक विनंती. १९३९ ते १९४८ या काळातली पंचायतीची वही, निवाड्याचा कागद, शाळेचा दाखला किंवा एखादा जुना फोटो माळ्यावर पडून असेल, तर तो रद्दीत घालू नका. गावच्या ग्रंथालयाला द्या, जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्या, निदान त्याची छायाप्रत तरी काढून ठेवा. औंधच्या ग्रामराज्याचा गावोगावचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि तो याच कागदांतून लिहावा लागणार आहे.